मृणालिनी मुखर्जींच्या गाठी 'रेषा, आकार, पोत' या रकान्यांत कशा बसवायच्या?

झरोका (बडोदा)
नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त झाल्यावर इथे बडोद्यातच टेक्स्टाइल डिझाइनचा एक सर्टिफिकेट कोर्स लावलाय. वर्गातल्या सगळ्या माझ्या लेकीहून लहान, 'आंटी, नोट्स आपोने' म्हणणाऱ्या. सत्राअखेरचा प्रकल्प असा: शोभेच्या वस्त्रकलेतला कोणताही एक कलाकार निवडा आणि त्याच्या कामाचं डिझाइनच्या मूलघटकांवरून विश्लेषण करा. रेषा, आकार, घनाकार, अवकाश, रंग, छटा, पोत. सात मथळे, प्रत्येकाखाली मजकूर, सोबत फोटो.

बहुतेकींनी विल्यम मॉरिस घेतला, तो कापडावरच्या नक्ष्यांसाठी प्रसिद्ध इंग्रज. मी म्हटलं, गावात फाइन आर्ट्स फॅकल्टी असताना इंग्लंडला कशाला जायचं? मी मृणालिनी मुखर्जी घेतल्या. सरांनी भुवया उंचावल्या. म्हणाले, "त्या शिल्पकार. टेक्स्टाइल म्हणणं ओढूनताणून, आणि डेकोरेटिव्ह तर नाहीच. पण पटवून दिलंत तर घेईन."

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, त्यांचं काम यात बसतं का? दोन, पहिल्याच मथळ्यावर गाडी अडली आहे. कागद नाही, पेन्सिल नाही, नुसता गाठी मारलेला दोर. त्यात 'रेषा' कुठली दाखवू?

टवाळ_तात्या
मोत्यांच्या गालिच्यावर लिहा. बडोद्याचाच, शोभेचा आहे हे कोणी नाकारणार नाही, पोतही भरपूर. फक्त बघायला कतारला जावं लागेल.

जिरावण (इंदूर)
मी अडाणी माणूस, मृणालिनी मुखर्जी हे नाव आत्ताच ऐकलं. कोणी थोडक्यात सांगेल का? आणि वहिनी, आमच्याकडचं बाग प्रिंट का नाही घेत? धार जिल्ह्यातलं बाग गाव, इंदूरहून सकाळी निघून बघून येता येतं. लाल, काळा आणि कापडाचा पांढरा, एवढ्यावर खेळ. रेषा आणि आकार तर ठसठशीत ठशाचेच. तुमचे सात मथळे तासाभरात भरतील.

झरोका
जिरावणभाऊ, थोडक्यात सांगते. जन्म १९४९, मुंबई. वडील बिनोदबिहारी मुखर्जी, शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार. आई लीला मुखर्जी शिल्पकार. मृणालिनी शिकल्या आमच्या बडोद्यात: १९६५ ते ७० चित्रकला, मग म्युरल डिझाइन, के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली. पुढे दिल्लीत राहून हेंपच्या, म्हणजे तागासारख्या जाड दोराच्या नुसत्या गाठी मारून माणसापेक्षा उंच आकृत्या केल्या. माग नाही, सुई नाही. 'यक्षी' १९८४ ची, 'वनश्री' १९९४ ची. नंतर सिरॅमिक आणि ब्राँझकडे वळल्या. २०१५ मध्ये गेल्या, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन नुकतंच सुरू झालं होतं तेव्हाच. २०१९ ला न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये मोठं प्रदर्शन झालं.

तासाभरात भरणारे मथळे नकोत म्हणून तर इकडे आलेय.

अरसिक
दोराच्या गाठी म्हणजे मॅक्रमेच ना? ऐंशीच्या दशकात प्रत्येक मराठी दिवाणखान्यात मॅक्रमेचं घुबड होतं. डोळ्यांना लाकडी मणी. आमच्या आत्याने तीन केली होती, एक अजून माळ्यावर आहे. तिच्या घुबडाला न्यूयॉर्कचं तिकीट का मिळालं नाही, एवढंच मला सांगा.

टवाळ_तात्या
घुबडाचा पासपोर्ट नव्हता.

हातमाग
अरसिक यांनी थट्टेत विचारलंय, पण झरोकाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मी मागाच्या धंद्यातला माणूस, कलासमीक्षक नव्हे, तेव्हा माझ्या बाजूने सांगतो.

मागावर विणलेल्या कापडात रेषा मुळात दोनच दिशांना जाते. ताणा उभा, बाणा आडवा. पैठणीतल्या मोराची मान लांबून गोलाईदार वाटते. भिंगातून बघा, पायऱ्या पायऱ्या दिसतील. पाटणच्या पटोळ्यातल्या हत्तीचंही तेच. तिथे तर ताणा-बाणा दोन्ही आधी बांधून रंगवलेले, त्यामुळे कडेला रंग किंचित पसरतो आणि पायरी मऊ होते. तिथली रेषा मागाने दिलेली असते, कारागीर तिच्याशी घासाघीस करतो.

गाठींच्या कामात माग नाही, म्हणजे काटकोनाची सक्ती नाही. मॅक्रमे शिकलेल्या बायकांना माहीत आहे: डबल हाफ हिच नावाची गाठ असते. एक दोर आडवा धरायचा आणि बाकीचे दोर एकेक करून त्याच्यावर दोन-दोन वेढ्यांनी आवळत जायचे. त्यातून एक उठावदार कणा तयार होतो. धरलेला दोर जिकडे वळवाल तिकडे कणा जातो. तिरपा न्या, गोल न्या, वर उचला. ही झाली तुमची रेषा. ती कागदावर काढलेली नाही, पण बोट फिरवलं तर सापडते. चौकोनी गाठ एकाखाली एक मारत गेलं की उभी पट्टी मिळते. तीच गाठ अर्धीच मारत राहिलात तर पट्टी आपोआप पीळ खाऊन मळसूत्री होते.

आता 'यक्षी'चा फोटो घ्या आणि कणे कुठून कुठे जातात ते ट्रेसिंग पेपरवर नुसतं उतरवा. रेषेचा मथळा तिथेच भरेल.

माझं म्हणणं असं की वस्त्रातला कुठलाही घटक 'हा कसा झाला' हे विचारल्याशिवाय लिहूच नये. चित्रकार रेषा निवडतो. आमच्याकडे रेषा कामातून निघते.

झरोका
हातमागदादा, ट्रेसिंग पेपरची युक्ती आजच करते.

केतकी_प
हातमाग यांचं पहिलं म्हणणं मान्य, शेवटचं नाही. विश्लेषण डोळ्याला दिसतं त्याचं करायचं असतं. संग्रहालयात उभं राहणाऱ्या माणसाला डबल हाफ हिच माहीत असायची गरज नाही. त्याला रेषा दिसते की नाही, ती नजरेला कुठे नेते, एवढंच मूलघटकांचं काम. गाठ कशी मारली ही तंत्राची माहिती झाली, तिचा वेगळा परिच्छेद करा.

आणि मॉरिसला एवढं हिणवू नका. सोपा म्हणून मुली घेतात हे खरं, पण सोपा नाहीये तो. 'स्ट्रॉबेरी थीफ' हे १८८३ चं छापील सुती कापड घ्या. समोरासमोर पक्ष्यांच्या जोड्या, मध्ये स्ट्रॉबेरी, मागे पानाफुलांची दाटी. आकार आणि अवकाश शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मागचा निळा रंग रिकामा राहतच नाही, तरी पक्षी त्यात हरवत नाहीत.

हातमाग
केतकीताई, तुम्ही माझंच उदाहरण घेऊन आलात! तो निळा पार्श्वभूमीला दिलेला रंग नाहीच. मॉरिसने लंडनजवळ मर्टन अॅबीत जे तंत्र बसवलं त्यात आख्खं कापड आधी निळीत बुडवायचं. मग ठशाने रंग उडवणारा लेप लावून पांढरे नि फिके निळे भाग काढून घ्यायचे. त्यावर लाल नि पिवळा चढवायचा. म्हणजे पक्ष्याच्या छातीचा पांढरा भाग हा काढून टाकलेला निळा आहे. म्हणूनच निळा आणि पांढरा यांच्यामध्ये फट पडत नाही की एकावर एक चढलेली कड दिसत नाही. तुम्हाला पक्षी 'हरवत नाहीत' असं दिसतं त्याचं बरंचसं श्रेय या रीतीला आहे. दिसणं आणि होणं वेगळं काढून दाखवा मला.

केतकी_प
दाखवते की. तीच नक्षी आज डिजिटल प्रिंटिंगने उशीच्या अभ्ऱ्यावर येते. त्यात नीळ नाही, लेप नाही. रेषा, आकार, अवकाश तेच राहतात. मग रीत कुठे गेली?

हातमाग
अभ्रा हातात घ्या आणि बोला.

जिरावण (इंदूर)
या भांडणात मला बाग आठवलं म्हणून लिहितो. तिथला काळा लोखंडाचा गंज आणि गूळ कुजवून होतो, लाल होतो तुरटी आणि अलिझरीन या रंगाने. पण ठसा मारताना लाल दिसतच नाही! तुरटीचा ठसा जेमतेम उमटतो. मग कापड बागच्या वाहत्या नदीत धुवायचं आणि धावड्याची फुलं टाकून तांब्याच्या भांड्यात उकळायचं, तेव्हा लाल वर येतो. छापणारा माणूस न दिसणारा रंग छापत असतो. मला वाटतं गुण हातमागभाऊंना.

आणि इकडे इंदूरकडून एक तक्रार. सगळं बडोदा, बडोदा. महेश्वरीचं नाव कोणी काढलं नाही. तिच्या काठातल्या नक्ष्या महेश्वरच्या किल्ल्यावरून आणि घाटावरून उचलल्यात असं तिथले विणकर सांगतात.

फाइनआर्ट्सचा_जुना
बडोद्याचा विषय निघालाय तर चार ओळी माझ्याही. मी फॅकल्टीत होतो त्याच्या बऱ्याच आधी मृणालिनीताई शिकून गेलेल्या. पण ती हवा शिल्लक होती. मणिसर, म्हणजे के. जी. सुब्रमण्यन, यांच्यामुळे 'ही कला' आणि 'ही कारागिरी' अशी भिंतच आम्हाला कोणी घालून दिली नाही. ते १९५९ ते ६१ हातमाग मंडळात डिझाइनचे उपसंचालक होते हे फार लोकांना ठाऊक नसतं. परत येऊन मुलांना त्यांनी भित्तिचित्रं, माती, विणकाम, खेळणी सगळ्यांत हात घालायला लावला. फाइन आर्ट्स फेअरमध्ये शिक्षक-विद्यार्थी मिळून खेळणी करून विकायचे. बडोद्यातल्या जुन्या घरांतून त्यातलं एखादं अजून सापडेल.

तेव्हा म्युरल शिकायला गेलेली मुलगी दोर घेऊन बसली यात तिथे कोणाला नवल वाटलं नसणार. भित्तिचित्र म्हणजे भिंतीसाठी केलेलं काम. साहित्य काय ते त्या जागेने ठरवायचं. तिचं सुरुवातीचं दोरकाम भिंतीवर टांगायचंच होतं: झाडं, वेली, प्राणी. पुढे ते भिंतीपासून सुटलं.

झरोकाताई, तुमच्या सरांना पटवायचं तर हा धागा धरा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचं एक टांगतं काम आणि ऐंशीच्या दशकातली एक आकृती शेजारी ठेवा. पहिल्यात 'आकार' आहे, कडेने ओळखू येणारा. दुसऱ्यात 'घनाकार' आहे, फिरून बघावा लागणारा. तुमच्या यादीतले दुसरा नि तिसरा हे दोन मथळे एकाच बाईच्या दहा-बारा वर्षांच्या प्रवासात दाखवता येतात. असं उदाहरण मॉरिसमध्ये मिळणार नाही.

केतकी_प
हे आवडलं. मॉरिस मागे घेते, तात्पुरता.

अरसिक
माझ्या घुबडाचं कोणी उत्तर दिलं नाही.

सुमन_मावशी (ग्वाल्हेर)
मी देते बाळा. मी स्वतः मॅक्रमेचे क्लास घेतलेत, घुबडं शिकवलीत. घुबडाचा साचा ठरलेला असतो. पहिल्या ओळीत किती दोर, चौथ्या ओळीत डोळा, तळाला काठी. पन्नास बायकांनी केलं तरी पन्नास घुबडं सारखी. या बाई आधी चित्र काढून घेत नसत असं मी वाचलंय. एक गाठ मारायची, तिच्यावरून पुढची सुचायची. मोठ्या आकृतींना आतून लोखंडी सळ्यांचा आधार असे, पण घाट गाठीतून वाढत जायचा. एवढ्या जाड दोराची गाठ आवळायची म्हणजे काय ताकद लागते ते मला विचार. मी झोपाळ्याच्या दोराचं एकच आसन केलं होतं, बोटं सुजली होती.

तुझ्या आत्याचं घुबड मात्र टाकू नको हो. नेवाडाच्या पट्टीला वाळवी लागते, सुती दोराला लागत नाही असं नाही, डांबरगोळ्या ठेव.

अरसिक
मावशी, उत्तर पटलं. डांबरगोळ्या ठेवतो.

शब्दवेडा
मला मूळ चौकटच खटकते. ही सात घटकांची यादी पाश्चात्त्य कलाशाळांतली. आपल्याकडे यशोधराने कामसूत्राच्या टीकेत चित्राची षडंगं सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य, वर्णिकाभंग. 'यक्षी', 'अप्सरा', 'देवी' अशी नावं देणाऱ्या कलावतीला या कसोट्या लावायला नकोत का? भाव आणि लावण्य हे शब्दच तुमच्या सात मथळ्यांत नाहीत.

केतकी_प
षडंगांत पोत आहे का हो? दोराच्या कामात पोत सोडला तर उरतं काय?

शब्दवेडा
वर्णिकाभंगात ओढता येईल.

हातमाग
नका ओढू. गाठ बसेल.

फाइनआर्ट्सचा_जुना
शब्दवेडा यांच्या बोलण्यात एक मुद्दा आहे मात्र. नावं आपल्या देवळातली आहेत, पण मूर्ती कोणा एका देवतेची नाही. हात मोजता येत नाहीत, आयुधं नाहीत, चेहरा बहुधा नाहीच. जे आहे ते समोरासमोर उभं राहणं. गाभाऱ्यात मूर्ती आपल्याकडे तोंड करून असते ना, तसा घाट. डावं-उजवं जवळजवळ सारखं, मधोमध एक उभी फट किंवा पाकळी. हे सममितीत लिहा.

केतकी_प
सममिती मूलघटक नाही, तत्त्व आहे! तोल, लय, प्रमाण, सममिती ही तत्त्वं. झरोकाताईंच्या सरांनी घटक विचारलेत. परीक्षेत याच गोंधळाचे गुण जातात.

झरोका
केतकीताई, आमच्याकडेही जातात. लक्षात ठेवते.

आता जरा अवघड प्रश्न. जुना यांनी 'फट किंवा पाकळी' असं सभ्य शब्दांत लिहिलंय. पण फोटोत जे दिसतं ते उघडच स्त्रीदेहाचं आहे. बाहेरच्या समीक्षकांनीही लिहिलंय. मी साठीच्या पुढची बाई, वर्गात वीस वर्षांच्या पोरी, सर ब्रह्मचाऱ्यासारखे गंभीर. लिहू का नको?

टवाळ_तात्या
लिहा. सरांनी यक्षी हे नाव ऐकूनच अंदाज घ्यायला हवा होता.

सुमन_मावशी (ग्वाल्हेर)
लिहायचं आणि मान खाली न घालता लिहायचं. इथल्या गुजरी महालातल्या संग्रहालयात ग्यारसपूरची शालभंजिका आहे. तिच्यासमोर शाळेच्या सहली उभ्या करतात, कोणी डोळे झाकत नाही. दगडात चालतं ते दोरात का नको?

पण फूल की देह असं ठरवून टाकू नका. फूल हाही झाडाचा तोच अवयव असतो. जास्वंदीचं फूल उभं चिरून शाळेत दाखवायचे ते आठवा. बाईंनी 'पुष्प' असं नाव दिलं आणि दोन्ही एकाच घडीत बांधलं. 'आकार' या मथळ्याखाली एवढंच लिहा: पाकळीची कड बाहेर वळते, आत खोल जागा राहते, आणि बघणारा दोन्ही ओळखतो.

झरोका
मावशी, शाबास. 'बाहेर वळणारी कड, आत खोल जागा'. उचलतेय हे.

मी_अदिती
'डेकोरेटिव्ह' या शब्दावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. हा शिक्का बायकांच्या कामावर पटकन बसतो. अॅनी आल्बर्स १९२२ मध्ये बाउहाउस या जर्मन कलाशाळेत गेली, तिथे बायकांना बहुतेक वर्कशॉप बंद होती म्हणून तिला विणकामात ढकललं. पुढे तिने त्याच विणकामात जे केलं ते जग बघतंय. पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविचने साठच्या दशकात सिसल या जाड वनस्पती-तंतूचे अजस्र टांगते आकार केले, तर त्यांना काय म्हणायचं हेच लोकांना कळेना. मृणालिनींचंही तेच. भारतात शिल्पकार म्हणत नव्हते कारण दोर, आणि कारागीर म्हणत नव्हते कारण फॅकल्टीचं शिक्षण. आता तुमचे सर उलट्या बाजूने तेच करतायत: शिल्प आहे म्हणून टेक्स्टाइल नाही.

अरसिक
अदिती, प्रत्येक गोष्टीत बायकांवर अन्याय शोधलाच पाहिजे का? मोत्यांचा गालिचा पुरुष कारागिरांनी केला असणार, त्यालाही डेकोरेटिव्हच म्हणतात.

मी_अदिती
म्हणतात. पण त्याच्या कारागिराचं नाव तुला माहीत आहे का?

टवाळ_तात्या
गालिच्याचं नाव मीच काढलं होतं, तेव्हा जबाबदारी माझी. खंडेराव महाराजांनी साधारण १८६५ च्या सुमारास करवून घेतला. बसऱ्याचे मोती, १५ लाखांच्या आसपास असावेत असा अंदाज, शिवाय हिरे, माणकं, पाचू, नीलम. मदिनेला पैगंबरांच्या कबरीसाठी द्यायचा होता असं सांगतात. महाराज गेले, गालिचा राहिला. पुढे महाराणी सीतादेवींबरोबर मोनॅकोला गेला आणि २००९ ला दोह्याच्या लिलावात जवळपास ५५ लाख डॉलरला विकला गेला. करवून घेणाऱ्याचं नाव आहे, नेणारीचं आहे, विकत्याचं आहे. ओवणाऱ्याचं नाही. अदिती जिंकली.

अरसिक
मान्य. पण एक विचारतो, खवचटपणा नाही. नाव नसेल तर 'कलाकाराच्या कामाचं विश्लेषण' होणारच नाही. म्हणजे या प्रकल्पातून पटोळं बाद, बाग बाद, गालिचा बाद, कांथा बाद. मग उरतात मॉरिस आणि फॅकल्टीतले लोक. चौकट वाकडी आहे ती इथे.

शब्दवेडा
अरसिक, आज तुमचं नाव बदलायला हवं.

जिरावण (इंदूर)
बागला नावं आहेत हो! इस्माईल सुलेमानजी खत्री हे बागचेच, त्यांनी ही छपाई पुन्हा उभी केली. कारागिरांची नावं असतात, आपण विचारत नाही एवढंच.

रंगरेज_नाही (अहमदाबाद)
उशिरा आलो. रंगाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बांधणी सगळ्यांच्या घरात आहे, घरचोळं असेल नाहीतर साधा दुपट्टा. बांधणीत कापडाची चिमूट दोऱ्याने आवळून बांधतात, मग रंगवतात, मग दोरा खेचून सोडतात. गाठ गेली, ठिपका राहिला. मृणालिनींच्या कामात बरोबर उलटं: दोर आधी रंगवायचा, मग गाठायचा, आणि गाठ कायमची. म्हणजे रंग ठेवायची जागा ठरते ती कुठला दोर कुठे घेतला त्यावरून. एका भागातून दुसऱ्या भागात रंग जायचा तर नवा दोर आणून गुंतवावा लागतो. म्हणून रंगाचे मोठे मोठे प्रदेश दिसतात, जांभळा एका अंगाला, गंजासारखा तांबडा दुसऱ्या, मध्ये कुठे न रंगवलेला दोर. ब्रशने होतं तसं रंगात रंग मिसळणं इथे जवळजवळ नाही.

छटेचा मथळाही यातच निघतो. रंग एकच, पण दोर निस्तेज, उजेड परत फेकत नाही. घडीच्या आतला जांभळा काळा दिसतो, कड्यावरचा जांभळा फिका. गडद-फिकं रंगवलेलं नाही, घडीने केलेलं आहे.

केतकी_प
रंगरेज, एक शंका. घडीच्या सावलीला 'छटा' म्हणायचं का? छटा वस्तूच्या रंगाची, सावली दिव्याची. दिवा हलवला की तुमचा मथळा बदलणार.

हातमाग
केतकीताई आता शिकल्या: 'कसं झालं' विचारतायत.

केतकी_प
दिव्याने झालं, विणकराने नाही! माझाच मुद्दा आहे तो.

फाइनआर्ट्सचा_जुना
दोघांत पडतो. शिल्पात सावली धरायची असते, म्हणूनच खोल घडी करतात. केतकीची शंका फोटोच्या बाबतीत रास्त आहे. फ्लॅश मारलेल्या फोटोत या कामांचा जीव जातो, सगळं सपाट दिसतं. झरोकाताई, फोटो निवडताना एका बाजूने उजेड आलेला घ्या.

अवकाशाबद्दल एक राहिलं. दोर लोंबतो. दगड दाबतो, माती बसते, दोर लोंबतो. वरून टांगलेल्या कामात गाठींच्या वजनाने घडी खाली ओढली जाते, तळाशी झालर जमिनीला टेकते. हे वजन तुम्हाला 'घनाकार'मध्येही लिहिता येईल. आणि आत पोकळी आहे. बघणारा पाकळीच्या आत डोकावतो तेव्हा त्याला अंधार दिसतो, पाठ दिसत नाही. ती पोकळी हाच अवकाश. भोवतीच्या रिकाम्या जागेबद्दल दोन ओळी पुरेत.

झरोका
मंडळी, ट्रेसिंग पेपर लावून बसले होते. हातमागदादा म्हणाले तसे कणे खरंच उतरतात. 'यक्षी'मध्ये वरून निघालेले कणे मध्याकडे येतात, पुन्हा फाकतात, आणि कडेच्या वळणाला जाऊन मिळतात. पेनाने काढलं तेव्हा माझ्या नातवाने विचारलं, "आजी, हे पान आहे का?" त्याला मूळ फोटो दाखवला नव्हता.

मांडणी अशी ठरवलीय. सुरुवातीला एक टांगतं काम आणि 'यक्षी' शेजारी-शेजारी, आकार ते घनाकार. मग रेषा, ट्रेसिंगसह. रंग आणि छटा एकत्र, बांधणीशी तुलना करून; आमच्या वर्गात प्रत्येकीकडे बांधणी आहे, पटकन कळेल. पोत शेवटी, कारण त्याबद्दल सगळेच लिहितात आणि त्यात मला फारसं नवं सांगायचं नाही. केतकीताईंची दिव्याची शंका तशीच्या तशी लिहिणार आहे, उत्तर न देता. डेकोरेटिव्हवर अदितीचा परिच्छेद, थोडा सौम्य करून, कारण गुण सरांच्या हातात आहेत.

मी_अदिती
सौम्य करू नका!

सुमन_मावशी (ग्वाल्हेर)
थोडा करू दे गं. गुण मिळाल्यावर तिखट करेल.

पोताबद्दल मात्र मला बोलायचंय झरोका. शेवटी ढकलू नकोस. संग्रहालयात हात लावू देत नाहीत, म्हणून सगळे 'खरबरीत' एवढंच लिहून मोकळे होतात. किराणा दुकानातून जाड सुंभ आण, चार हात. चौकोनी गाठींची वीतभर पट्टी कर आणि वहीत चिकटव. सरांना बोट फिरवू दे. तशी पट्टी वर्गात दुसऱ्या कोणाच्या वहीत नसेल, आणि टेक्स्टाइल आहे की नाही हेही त्यांना विचारावं लागणार नाही.

टवाळ_तात्या
सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. सर बघतीलच.

झरोका
इथे बडोद्याच्या मांडवीत सुंभ मिळेल का कोणी सांगा. की थेट काथ्याच्या दुकानात जाऊ?

फाइनआर्ट्सचा_जुना
मांडवीच्या आसपास दोरवाले आहेत, विचारत जा. काथ्या नका घेऊ, गाठ आवळत नाही, सुटते. तागाचा घ्या, तीन पदरी, आणि आधी रात्रभर ओला करून वाळवा म्हणजे कुसळं कमी टोचतील.